मोठेपणी व्हायोलिन शिकताना: बेळगाव भागातल्या नवशिक्यांसाठी

व्हायोलिन विकत घ्यायच्या आधी पंधरा दिवस नुसतं गा. गळा बरा नसला तरी चालेल. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप घ्या, आपल्याला सोसेल असा सा लावा आणि रोज दहा मिनिटं सा, प आणि वरचा सा, एवढे तीनच सूर लावत बसा.

हे सगळ्यात आधी सांगतोय, कारण व्हायोलिनला पडदे नसतात. सतारीला पडदे आहेत, पेटीला पट्ट्या आहेत. बोट जागेवर पडलं की सूर मिळतो. व्हायोलिनवर बोटं ठेवायची जी लांब काळी पट्टी असते, तिच्यावर कसलीच खूण नसते. सूर कुठे आहे ते कानालाच ओळखावं लागतं, आणि कानाला ती ओळख गळ्याकडून होते. जो सूर तुम्हाला गुणगुणता येत नाही, तो बोटाला सापडत नाही. मी त्रेचाळिसाव्या वर्षी शिकायला लागलो. बेळगावच्या शहापुरात राहतो, नोकरी सांभाळून वाजवतो, नऊ वर्षं झाली. आजही गाण्यातली एखादी जागा बोटातून निघत नसली की व्हायोलिन मांडीवर आडवं ठेवतो आणि आधी ती जागा गाऊन बघतो.

आपल्या भागातल्या माणसाचा कान कोरा नसतो, हे मनात धरून सुरुवात करा. देवळातलं भजन, गणपतीतल्या आरत्या, घरात लागणारी नाट्यगीतं, शेजारून सकाळी ऐकू येणारी कन्नड वचनं, हे सगळं लहानपणापासून कानावरून गेलेलं असतं. गायक कुमार गंधर्वांचा जन्म आपल्या सुळेभावीचा, १९२४ सालचा. धारवाड-हुबळीकडे मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल हे मोठे गवई. मोठ्या माणसाची बोटं उशिरा वळतात हे खरं आहे. पण चाळीस वर्षांचं ऐकणं आठ वर्षांच्या पोराकडे नसतं, ते तुमच्याकडे आहे.

आधी पद्धत ठरवा

व्हायोलिन तेच, पण बसणं वेगळं, तारा लावणं वेगळं आणि बोटं फिरवणंही वेगळं. पाश्चात्त्य पद्धतीत उभं राहून किंवा खुर्चीवर बसून, हनुवटीखाली धरून, समोर स्वरलिपी ठेवून वाजवतात. चर्चमधल्या वादनाची किंवा सिनेमातल्या वाद्यवृंदाची ओढ असेल तर तीच घ्या. हिंदुस्थानी पद्धतीत जमिनीवर मांडी घालून वाजवतात. कर्नाटक संगीतात हे वाद्य फार आधी आलं. ते तिकडे रुजवण्याचं श्रेय बालुस्वामी दीक्षितरांना (१७८६–१८५८) देतात, आणि कन्नडमध्ये त्याला पिटीलु म्हणतात. पण आपला उत्तर कर्नाटकाचा पट्टा हिंदुस्थानी संगीताचा आहे. अभंग, नाट्यपद, भावगीत ऐकत मोठ्या झालेल्या माणसाने हिंदुस्थानी पद्धत धरावी असं माझं स्पष्ट मत आहे. चाल आधीच डोक्यात असते, त्यामुळे चूक लगेच कळते.

ऐकायचं तर गजाननराव जोशींपासून सुरुवात करा. ते गायकही होते आणि व्हायोलिनवादकही, त्यामुळे गाण्याचं आणि गजाचं (तारांवर फिरवायच्या केसांच्या काठीचं) नातं त्यांच्याकडे चांगलं उलगडतं. मग कोल्हापूरचे डी. के. दातार, व्ही. जी. जोग आणि एन. राजम. राजमबाईंनी ओंकारनाथ ठाकुरांकडे तालीम घेतली. त्यांचं वादन ऐकताना बंदिशीचे शब्दसुद्धा कळतात. रोज एकच ध्वनिमुद्रण ऐका, पण पंधरा दिवस तेच ऐका.

गुरू

बेळगाव शहरात शोधलं तर शिकवणारे मिळतात. खानापूर, निपाणी, चिकोडीकडे व्हायोलिनचा गुरू जवळपास नसेल तर माझा सल्ला असा: गावातल्या गाण्याच्या शिक्षकाकडे आठवड्याला सुरांसाठी जा, आणि महिन्यातून एकदा-दोनदा बेळगावला येऊन व्हायोलिनच्या गुरूला गजाचा हात दाखवा. मोबाईलवरचे धडे पुढे उपयोगी पडतात. पहिले तीन महिने मात्र कुणीतरी शेजारी बसून तुमचं मनगट हाताने सैल करायला हवं, पडद्यावरून ते जमत नाही. ऑनलाइनच शिकायचं असेल तर मोबाईल तोंडासमोर ठेवू नका. उजव्या बाजूला, घोडी (तारा पेलणारी उभी लाकडी फळी) आणि गज दोन्ही दिसतील असा ठेवा. शिकवणाऱ्याला तुमचा चेहरा बघायचा नसतो.

पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या: तारा कशा लावायच्या, कुठल्या पट्टीत लावायच्या (म्हणजे सा कुठला धरायचा) आणि वाद्य त्यांना दाखवून घ्यायचं का. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा हो असंच येतं. गुरू कन्नड बोलणारे असले तर बिचकू नका. माझे गुरू मराठी समजतात, पण रागावले की कन्नडवर येतात. "निधान री, निधान" हे मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की घरी एकटा वाजवतानाही ऐकू येतं. सावकाश, एवढाच त्याचा अर्थ, आणि पहिल्या वर्षाचा निम्मा धडा त्यात आला.

वाद्य घेताना

मोठ्या माणसाला फुल साइज, म्हणजे ४/४ मापाचं व्हायोलिन लागतं. त्याचं खोकं, म्हणजे मुख्य पोकळ भाग, साधारण १४ इंच लांब असतं. अगदी स्वस्तातलं घेऊ नका. खुंट्या सरकणारं वाद्य असलं की निम्मा वेळ तारा लावण्यात जातो आणि मन उडतं. परवडेल त्यातलं मधलं घ्या, आणि थोडे पैसे चांगल्या स्टीलच्या तारांसाठी बाजूला ठेवा.

माझं पहिलं व्हायोलिन मी घरपोच मागवलं. घोडी इतकी उंच होती की तार दाबताना बोटाला वळ उठायचे, आणि दोन महिने मला वाटत होतं की माझीच बोटं कच्ची. तेव्हा मोजपट्टी घेऊन मोजा. काळी पट्टी जिथे घोडीच्या बाजूला संपते, तिथे पट्टीपासून बारीक तार साधारण साडेतीन मिलिमीटर आणि जाड तार साडेपाच मिलिमीटर उंच असावी. त्याहून बरीच जास्त असेल तर घोडी कारागिराकडून घासून घ्या. घरी कानस लावू नका.

दुरुस्तीसाठी आपल्याकडची माणसं मिरजेचं नाव घेतात. मिरज तंतुवाद्यांचं गाव आहे हे खरंच, पण तिथलं मुख्य काम सतार आणि तंबोऱ्याचं. रेल्वेत बसायच्या आधी फोन करून व्हायोलिनचं काम कोण करतं ते विचारून घ्या.

पेटी उघडल्यावर

नवीन व्हायोलिन पेटीतून काढून गज फिरवला तर आवाजच येत नाही. अनेकांना वाटतं वाद्य बिघडलंय. तसं काही नसतं. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लावलेले असतात आणि ते कोरे असले की तारेवरून नुसते घसरतात. त्यांना रोझिन, म्हणजे पाइनच्या झाडाची राळ चोळावी लागते. राळ लावलेला केस तारेला धरतो, सोडतो, परत धरतो. सेकंदाला शेकडो वेळा हे होतं आणि त्याचाच सूर होतो. रोझिनची नवी वडी काचेसारखी गुळगुळीत असते. तिच्यावर बारीक पॉलिश पेपर दोन-चारदा घासा, पांढरी भुकटी दिसली की गज त्यावर सावकाश पुढे-मागे फिरवा. पहिल्यांदा दहा-पंधरा मिनिटं लागतील. नंतर वाजवण्याआधी चार-पाच वेळा फिरवला की पुरतं.

गजाचा स्क्रू किती आवळायचा? मधोमध काठी आणि केसांत पेन्सिल जाईल इतपत. वाजवून झालं की सैल करायचाच. केसांना बोट लावायचं नाही, हाताचा तेलकटपणा लागला की तेवढ्या भागात राळ धरत नाही.

घोडी डिंकाने चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच उभी असते. तसाच आत एक छोटा लाकडी खुंट असतो, साउंडपोस्ट म्हणतात त्याला. बारीक तारेच्या बाजूला घोडीच्या पायामागे, वरच्या आणि खालच्या फळीच्या मधे तो नुसता अडकवलेला असतो. पहिल्याच वर्षी मी सफाईसाठी चारही तारा एकदम सोडल्या. आतून टक्क असा आवाज आला, आणि व्हायोलिन हलवलं की काहीतरी खुळखुळायला लागलं. तो खुंट परत उभा करून घेईपर्यंत तीन आठवडे रियाज बंद. तेव्हा तार बदलायची झाली तर एका वेळी एकच बदला, एक ताणून झाली की दुसरी सोडा.

तारा लावणं

बाजारातून आलेल्या तारा पाश्चात्त्य जुळणीच्या असतात: जाडीकडून जी, डी, ए, ई. हिंदुस्थानीत बरेचजण सा-प-सा-प लावतात, काही गुरूंची जुळणी वेगळी असते. तुमचे गुरू सांगतील तीच धरा. नवशिक्याला सोपं पडतं ते पांढरी पाचमध्ये सा धरणं. पांढरी पाच म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, इंग्रजीत जी. मग जाड तार जी आणि दुसरी डी तशाच राहतात, ए एक सूर उतरवून जी करायची आणि ई एक सूर उतरवून डी. जी-डी-जी-डी, म्हणजेच सा-प-सा-प. तारा थोड्या सैल होतात, तुटायची भीती राहत नाही.

खुंटी फिरवताना आतल्या बाजूला दाबत फिरवा, नाहीतर ती सुटते. सूर खालून वर चढवत आणा. शेवटचा बारीक फरक फाइन ट्यूनरने (तारेच्या दुसऱ्या टोकाकडच्या छोट्या स्क्रूने) काढा. पहिले आठ दिवस ट्यूनर ॲप बघायला हरकत नाही, त्यानंतर तानपुरा लावून कानाने लावायची सवय करा. चार तारा लावायला अर्धा तास गेला तरी तो रियाजच आहे.

बसणं

मांडी घालून बसा आणि उजवा पाय थोडा पुढे सोडा. व्हायोलिनचं वळणदार डोकं उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला टेकतं आणि मागची कड डाव्या बाजूला छातीच्या वर, गळ्याच्या हाडापाशी. वाद्य या दोन जागांवर उभं राहिलं पाहिजे. तपासायचं कसं, तर डावा हात पूर्ण काढून घ्या. व्हायोलिन पडलं नाही तर बसणं जमलं. डाव्या हाताने वाद्य तोलायचं नसतं, कारण त्याच हाताला पुढे मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घेत पट्टीवर वरखाली सरकायचं असतं.

खाली दुमडलेली सतरंजी किंवा पातळ उशी घ्या. गुडघ्याचं दुखणं असेल तर हट्ट करू नका, खुर्चीवर बसून हनुवटीखाली धरा. तसंही हिंदुस्थानी वाजवता येतं.

गज

पहिला महिना डावा हात मांडीवर ठेवायचा. फक्त मोकळ्या तारा. कंटाळवाणं वाटेल, पण जो या महिन्यात घाई करतो त्याचा आवाज वर्षानुवर्षं किरकिरा राहतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

गज धरायला आधी पेन्सिलवर शिका, पेन्सिलीला वजन नसल्यामुळे हात आवळत नाही. अंगठा वाकलेला, मधल्या बोटाच्या समोर. मधलं बोट आणि अनामिका काठीवरून सहज खाली आलेली. तर्जनी काठीवर बाजूने टेकलेली. करंगळी वाकवून काठीवर टोकाने उभी. अंगठा सरळ ताठ झाला की समजा हात आवळला. थांबा, हात झटका, पुन्हा धरा. मोठ्या माणसांचं हेच होतं; हातातलं वाद्य महागाचं, पडेल की काय या भीतीने ती मूठ आवळतात. दर पाच मिनिटांनी अंगठ्याकडे बघायची सवय ठेवा.

आता गज तारेवर, घोडी आणि काळ्या पट्टीच्या बरोबर मधे. सुरुवातीला गजाचा मधला तिसरा हिस्साच वापरा, कोपरापासून हात उघडत. गज घोडीला समांतर राहिला पाहिजे. बाहेर ओढताना खांदा मागे जातो, गज तिरका होतो आणि पट्टीकडे घसरत जातो. म्हणून बाजूला आरसा ठेवा.

आवाज तीन गोष्टींवर चालतो: वजन, वेग आणि जागा. वजन कमी आणि वेग जास्त झाला की आवाज हवेसारखा, शिट्टीसारखा निघतो. वजन जास्त आणि वेग कमी झाला की दार करकरल्यासारखा. दोन्ही मुद्दाम करून बघा. एकदा करकर, एकदा शिट्टी, आणि मग त्या दोघांच्या मधली जागा शोधा. ती सापडली की खोकं तुमच्या छातीला लागून थरथरतं, हाडाला कळतं. मग चार मात्रांचा एक गज, जाताना चार, येताना चार. महिन्याअखेर आठ मात्रांपर्यंत न्या. जाड तारेवर रोज जास्त वेळ द्या, गवयाचा खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, रियाज तसाच हा.

सूर शोधणं

दुसऱ्या महिन्यात डावा हात. नखं अगदी बारीक कापलेली हवीत. बोटाचा टोकाकडचा मांसल भाग तारेवर पडतो, दाब लागतो त्यापेक्षा कमीच द्या.

तारेची वाजती लांबी ३३ सेंटिमीटरच्या आसपास असते. सा च्या मोकळ्या तारेवर, खुंट्यांच्या बाजूने मोजलं तर शुद्ध रे साधारण ३.६ सेंटिमीटरवर, ग ६.५ वर, म ८.२ वर आणि प ११ च्या जरा अलीकडे येतो. नीट बघा: सा ते रे अंतर मोठं, रे ते ग त्याहून कमी, आणि ग ते म तर जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर. नवशिक्याचा म नेहमी चढा लागतो, कारण हात सगळी अंतरं सारखी धरून चालतो. पट्टीवर कागदाच्या चिकटपट्टीच्या खुणा करायला माझी हरकत नाही, पण महिनाभरच. नंतर काढा, नाहीतर कान आळशी होतो.

सूर बरोबर आहे का हे व्हायोलिन स्वतःच दाखवतं. जाड सा च्या शेजारच्या प च्या तारेवर बोट म च्या जागी ठेवलं की वरचा सा येतो. तो वाजवा आणि तिसऱ्या, मोकळ्या सा च्या तारेकडे बघा. सूर नेमका लागला तर ती तार आपोआप थरथरताना दिसते, कडा धुरकट होते तिची. केसभर हुकला की ती स्थिर. पहिल्यांदा मला हे दिसलं तेव्हा मी खिडकी बंद केली, मला वाटलं वाऱ्याने हलतेय. सा आणि प चं हे काम रोज करा, त्यांच्या आधाराने बाकीचे सूर जागेवर येतात.

पहिला राग भूप घ्या. सा रे ग प ध, त्यात म आणि नी नाहीत, त्यामुळे ती अवघड जवळची अंतरं टळतात. अलंकार, मग सरगम, मग एखादी छोटी बंदिश. प्रत्येक ओळ आधी गायची, मग वाजवायची. त्यानंतर यमन. मींड घ्यायला लागलात की बोटाच्या टोकाला खोबरेल तेलाचा थेंब लावतात काहीजण, बोट सरकतं छान. तेल मात्र गजाच्या वाटेत तारेवर येता कामा नये.

रोजचा वेळ

नोकरी-संसार असलेल्या माणसाने रोज पंचवीस-तीस मिनिटं वाजवावं. रविवारी एकदम तीन तास वाजवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. पाच मिनिटं तारा लावणं, दहा मिनिटं मोकळ्या तारांवर गज, दहा मिनिटं सूर, उरलेला वेळ चाल. शेजारी भिंतीला भिंत लागून असले, आपल्या गल्ल्यांत असतातच, तर घोडीवर रबरी म्यूट बसवा. मात्र आठवड्यातून दोनदा तरी म्यूट काढून वाजवा, खरा आवाज कानाला कळायला हवा. मान किंवा अंगठा दुखला तर त्या दिवशी थांबा.

परीक्षा द्यायची इच्छा असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक आहे. पहिल्या वर्षी तिच्या मागे लागू नका.

आपला पाऊस

पावसाळ्यात इथल्या दमट हवेने खुंट्या फुगतात आणि अडकून बसतात. जोर लावून फिरवू नका, खुंटीचं डोकं तुटतं. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि वाद्य बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका. फेब्रुवारीनंतर उलटं होतं, खुंट्या आक्रसून सरकायला लागतात; तेव्हा खुंटीला जरासा खडू लावा. दर आठवड्याला घोडी बाजूने बघा. तारा चढवता चढवता ती पट्टीकडे झुकते. झुकली असेल तर दोन्ही हातांनी धरून हळूच सरळ करा, दोन्ही पाय फळीवर सपाट बसले पाहिजेत. वाजवून झाल्यावर तारांखाली राळेची भुकटी साठते, ती जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने रोज पुसा. आणि वाद्य बंद गाडीत उन्हात ठेवून बाजारात जाऊ नका.

चार लोकांत

आठ-दहा महिन्यांनी गल्लीतल्या भजनात बसा. पेटीवाल्याच्या मागे, थोडं बाजूला. सगळं वाजवायचा प्रयत्न करू नका. "जय जय राम कृष्ण हरी"चा गजर सावकाश लयीत चालू असेल तेव्हा चालीचे मुख्य सूर लांब गजाने धरा, आणि लय चढली की नुसता सा धरून बसा. जायच्या आधी पेटीवाल्याला पट्टी विचारा. काळी चार म्हणाला तर चारही तारा अर्ध्या सुराने चढवा, पांढरी चार म्हणाला तर एका सुराने उतरवा. हे घरीच, तासभर आधी करून ठेवा. नव्या पट्टीत तारा लगेच टिकत नाहीत, आणि टाळ सुरू झाल्यावर देवळात तुमचा तानपुरा तुम्हालाही ऐकू येणार नाही.